हेझल आणि पिवळ्या रेघा

शेजारच्या ब्रॅटलींची गाडी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिला दारं नाहीत, छप्पर नाही. बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर, आणि आत शिरायचं तर न्हाणीच्या टबात उतरतात तसं, आधी एक पाय, मग दुसरा. एवढी कसरत करून वर पाऊस आला तर भिजायचं, आणि आमच्या लिंकनशरमध्ये पाऊस येतोच. सुट्या भागांची खोकी मागवून घरीच गाडी जोडायची, हे खूळ इथल्या पुरुषांना पन्नाशीच्या आसपास लागतं. माझ्या नवऱ्याला, अर्नेस्टला, ते लागलं नाही. तो त्याआधीच गेला. मी मात्र निम्मं आयुष्य दुकानात मासे आणि बटाटे तळण्यात घालवलंय, त्यामुळे तापलेल्या तेलापलीकडे कुठल्याही यंत्राशी माझा संबंध नव्हता. तो हेझलमुळे आला.

हेझल म्हणजे नेव्हिल ब्रॅटलीची बायको. दाताच्या डॉक्टरकडे समोरच्या टेबलावर बसायची. घाबरलेल्या माणसांशी हळू आवाजात बोलण्यात सगळी नोकरी गेली तिची. गाडीत ती वर्षातून एक-दोनदा बसायची, डोक्याला रुमाल बांधून, डोळे मिटून. चाकात हवा कशी भरतात तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

नेव्हिल वाटाणे गोठवायच्या कारखान्यात फिटर होता. माणूस कमी बोलायचा आणि सगळं दोनदा तपासायचा. गाडी त्याने काही वर्षं खपून जोडली, आणि मग दर हिवाळ्यात ती पुन्हा नटानटाने सोडायची, पुसायची, झिजलेलं बदलायचं आणि वसंतापर्यंत परत जोडायची हा त्याचा नेम झाला. जोडताना प्रत्येक नट एका लांब दांड्याच्या पान्याने आवळायचा. ठरलेला जोर लागला की तो पाना टक् असा आवाज करतो. मी त्याला टकपाना म्हणायचे आणि नेव्हिलला त्याचा राग यायचा. टक् झालं की लहान ब्रश घेऊन नट आणि बोल्ट दोघांवरून मिळून एक पिवळी रेघ ओढायची. नट पुढे कधी सैल होऊन फिरला तर रेघ तुटते, आणि नुसतं वाकून बघितलं तरी कळतं. रेघ सरळ म्हणजे नट घट्ट.

असल्या गाड्यावाल्यांचं एक मंडळ आहे. दर गुरुवारी पबच्या आवारात जमतात, एकमेकांच्या गाड्यांखाली डोकी घालतात. त्यांच्यात एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्याच्या रेघेला पाना लावायचा नाही. लावला म्हणजे तू खोटारडा आहेस असं तोंडावर म्हटल्यासारखं. या कारणावरून दोन भली माणसं एकमेकांशी आयुष्यभर बोलायची बंद झालेली मी पाहिलीत. आमच्याकडे भांडणं अशीच होतात, आवाज न चढवता.

मग एका हिवाळ्यात नेव्हिलने नेहमीप्रमाणे गाडी सोडली. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे त्रिकोणी दांडे, मागचा आस, सगळं खाली. नाताळाच्या आधी त्याच्या हातून एकदा कप पडला. मग परत पडला. मग कोटाची बटणं हेझल लावायला लागली. नव्या वर्षात मोठ्या इस्पितळात जाऊन आले तेव्हा हेझलने कुंपणापाशी उभी राहून मला आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. आधी हात, मग पाय, मग मान, मग गिळणं. औषध नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाकी तुझं कसं चाललंय?" आणि मीही मूर्खासारखी म्हणाले, "चाललंय."

तरी त्याने गाडी जोडायची सोडली नाही. थंडीत एकदा त्यांच्याकडे माशाचं पार्सल द्यायला गेले होते, तेव्हा गॅरेजच्या खिडकीतून तो दिसला. गुडघ्यांवर बसला होता, पुढच्या चाकाशी. एका हातात तो पिवळा ब्रश, आणि तो हात कापू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलेलं. मला वाटलं, किती जिद्दीचा माणूस. पार्सल पायरीवर ठेवून मी निघून आले.

गाडी जोडून झाली आणि महिन्याभरात त्याला जिना चढवेना. त्याचा पलंग खाली जेवणाच्या खोलीत आला. ती खोली आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत, तीही एकेरी विटेची.

एके दिवशी गाडीचे कागद हेझलच्या नावावर झाले. मी तिथेच होते. सही करताना तिने विचारलं, "हे कशाला आत्ताच?"

"चालवायची कुणी मग?" नेव्हिल म्हणाला. "मे महिन्यात समुद्रावर जायचंय. तू चालवायची, मी शेजारी बसणार."

मेच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या गाड्या रांगेने सटन गावच्या किनाऱ्यावर जातात. नेव्हिलने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. घरी येणारी नर्स हेझलला बाजूला घेऊन म्हणाली होती की मानेत जोर आहे तोवर त्याला गाडीत बसवता येईल, आणि मेनंतरचं काही सांगता येणार नाही. तेव्हापासून त्या घरात सगळं मेवर येऊन थांबलं. हेझलला आणखी काही नको होतं. एकदा त्याला त्याच्या गाडीतून न्यायचं, बस.

मॉरिस नावाचा मंडळातला जुना मित्र येऊन म्हणाला, "नेव्हिल, अरे मी एकदा नजर टाकतो गाडीवर. वहिनी नव्या आहेत, एवढंच."

"रेघा आहेत ना सगळीकडे?" नेव्हिलने विचारलं.

"आहेत की. पण यंदा तुझी तब्येत जरा…"

"मग झालं."

मॉरिसने हेझलकडे बघितलं. हेझलने त्याच्या हातातून कप काढून घेतला, त्यात चहा शिल्लक असताना. "थँक्यू मॉरिस," ती म्हणाली, "नेव्हिलने जोडलीय ती." इतका गोड दरवाजा मी आजवर कुणाच्या तोंडावर लागलेला पाहिला नाही.

मग हेझलची शिकवणी सुरू झाली. नेव्हिल चाकाच्या खुर्चीत, गॅरेजच्या दारात, गुडघ्यांवर घोंगडी. हेझल जमिनीवर. तिने स्वतःसाठी निळा डगला विकत आणला होता, तोही घडी न मोडलेला. पहिल्यांदा इंजिनातलं जुनं ऑइल काढताना तिच्या हातून झाकण निसटलं आणि ऑइल भांड्यात पडायच्या ऐवजी तिच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं.

"भांडं आधी सरकवायचं असतं," नेव्हिल म्हणाला.

"हे तू आधी सांगायचं असतं," ती खालून म्हणाली.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोघं लागतात, म्हणून मला हाक आली. मी टबात बसून पेडल दाबायचं, हेझलने चाकाशी बारीक तोटी उघडायची. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." "धरलंय, पण माझ्या पोटरीत गोळा येतोय." "ऑड्री, सोडू नकोस हं, सोडलंस तर परत हवा जाईल." मी सोडलं. परत पहिल्यापासून. नेव्हिल हसला तेव्हा त्याला ठसका लागला आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, मी आत, ती खाली.

पण ती शिकली, हे मान्य करायला पाहिजे. हळूहळू तिला स्पार्क प्लगचा रंग बघून इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कळायला लागलं. साखरेच्या डब्यात वायसर आणि स्क्रू येऊन बसले. नखं काळी झाली, आणि दाताच्या डॉक्टरने तिला हातमोजे घालून बसायला सांगितलं. फक्त पिवळ्या रेघांपाशी ती थांबायची. तिथे नेव्हिलने हात लावू दिला नाही आणि तिनेही लावला नाही.

एप्रिलमध्ये गाडी रस्त्यावर काढायची वेळ आली. एकदा ती एकटीच गल्लीला वळसा घालून आली. दुसऱ्यांदा मला म्हणाली, "शेजारी वजन असलं की कशी वळते ते बघायचंय. येतेस?"

"वजन म्हणून येते," मी म्हटलं.

निघताना नेव्हिलने तिला हाक मारली. त्याचे शब्द तेव्हा चिखलातून पाय उचलत आल्यासारखे यायचे. मी ते सरळ करून लिहिते आहे. तो म्हणाला, "टेकडीने जाऊ नकोस. कालव्याच्या रस्त्याने जा. सपाट आहे. हळू जा."

"हो," हेझल म्हणाली. आणि कोपऱ्यावर टेकडीकडे वळली. "ब्रेक उतारावरच कळतात, ऑड्री. त्याला घेऊन जायचंय. मला खात्री पाहिजे."

वर जाताना, खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. वारा तोंडावर, शेतं दोन्ही बाजूंनी, आणि हेझल डोळे उघडे ठेवून दात आवळून चालवत होती. मग उतार लागला. तिने ब्रेक दाबला आणि पुढे उजवीकडून ठक् असा आवाज आला. स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं आणि गाडी आपणहून रस्त्याच्या मध्याकडे गेली. समोरून बटाट्याचा ट्रॅक्टर येत होता. परत ब्रेक, परत ठक्. ट्रॅक्टरवाला बाजूला गेला म्हणून वाचलो, आमच्यामुळे नव्हे. शेवटी एका शेताच्या फाटकाशी तिने गाडी कशीबशी लावली.

हेझल उतरून चाकाशी वाकली. असल्या गाड्यांना चाकावर झाकण नसल्यातच जमा, सगळं उघड्यावर असतं. खालच्या त्रिकोणी दांड्याचा बोल्ट. त्याच्यावर पिवळी रेघ. सरळ, कुठेही न तुटलेली.

"रेघ बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिने बोट घातलं. नटाखाली एक चकती असते, वायसर. नट घट्ट असेल तर ती हातोडीनेसुद्धा हलत नाही. ती तिच्या बोटाने गोल फिरली. असल्या नटाच्या तोंडाशी प्लास्टिकचं कडं असतं, त्यामुळे सैल असला तरी तो गळून पडत नाही, नुसता अडकून राहतो. त्या कड्यावर आमचा जीव होता.

मला कळायला वेळ लागला. हेझलला लागला नाही. ती गवतावर बसली. "सैल झाला असता तर रेघ तुटली असती. हा कधी घट्ट झालाच नव्हता, ऑड्री. सैल नटावरच रेघ मारली आहे."

मी वाकून परत ती रेघ बघितली.

"त्याच्या हाताला वाटलं असेल आवळला म्हणून," ती म्हणाली. "हातातला जोर गेला की हाताला कळत नसेल. त्याला वाटलं असेल टक् झालं."

"मॉरिसला बोलाव," मी म्हटलं. "आत्ता. इथेच."

"मॉरिसने एका नटाला पाना लावला की गुरुवारी सगळ्यांना कळेल. नेव्हिल ब्रॅटलीची रेघ खोटी निघाली म्हणून. त्याच्यापाशी आता दुसरं काय राहिलंय गं? जेवणसुद्धा मी भरवते." तिने हत्यारांच्या पिशवीतून साधा पाना काढून तो नट आवळला, आणि आम्ही कालव्याच्या रस्त्याने सायकलच्या वेगाने घरी आलो. तो दारात खुर्चीत बसून होता. "कशी चालली?" त्याने विचारलं. "झकास," हेझल म्हणाली. तो एकदम रडायला लागला. त्या आजारात माणूस कारण नसतानाही रडतो, असं नर्सने सांगितलं होतं, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

हेझलने ठरवलं की प्रत्येक नट आपणच तपासायचा, त्याला न कळू देता. दुपारी जेवण झालं की तो डुलक्या घ्यायचा, तेव्हा. मी त्याच्या खोलीत बसायचं आणि टीव्ही मोठ्याने लावायचा. मी घोड्यांच्या शर्यती लावल्या. त्यात समालोचक कोंबडं कापल्यासारखा ओरडतो, भिंतीपलीकडे तोफ उडाली तरी कळलं नसतं. पण नेव्हिल जागा होता. त्याने डोळ्यांनी नको म्हटलं. त्याला स्नूकर बघायचं होतं.

स्नूकर हा जगातला सर्वांत गप्प खेळ आहे. हिरवं टेबल, काळ्या जाकिटातला माणूस टेबलाभोवती फिरतोय, हजार माणसं श्वास रोखून बसलीयेत. आणि भिंतीपलीकडून आलं, टक्. लगेच. म्हणजे तो नट घट्ट होता. मी मोठ्याने खोकले. परत टक्. माझ्या जिवात जीव आला. मग आलं, कर्र. कर्र. कर्र. पान्याचा दांडा मागेपुढे होतानाचा तो आवाज. कर्र. मग टक्.

मी टीव्हीकडे बघत राहिले. नेव्हिल बघत नव्हता. त्याचे डोळे भिंतीवर होते.

पुढचा टक् लगेच आला. त्याच्या पुढच्याला परत कर्र, कर्र, कर्र. प्रत्येक वेळी त्याच्या गळ्याशी काहीतरी हलायचं. तो झोपेत नव्हता, गुंगीत नव्हता. तो ऐकत होता आणि त्याला एकाही आवाजाचं नवल वाटत नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटून उघडले. हो म्हणायची त्याची ती पद्धत होती. मग फार वेळ लावून तो बोलला. "त्या दिवशी जोर लागेना. म्हटलं, रेघ मारून ठेवू. मॉरिस येणार होता. म्हटलं, उद्या हात बरा असेल. उद्या आवळीन."

"आणि उद्या?"

"उद्या त्याहून वाईट."

"आणि आम्ही टेकडीवर गेलो तेव्हा? मी त्या गाडीत होते, नेव्हिल. हेझल होती."

"सांगणार होतो," तो म्हणाला. "तोंड उघडलं होतं. मग कालव्याचं बोललो."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मरणाऱ्या माणसाच्या, ज्याला स्वतःच्या अंगावरची माशी हाकलता येत नाही त्याच्या. बायको रांगत ऑइलमध्ये लोळतेय याच्यासाठी, मित्राला दारातून परत पाठवतेय याच्या नावासाठी, आणि हा एवढं एक वाक्य बोलू शकला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानात जात होतं. मी ते पुसलं नाही. नर्स काहीही म्हणो, त्या रडण्याला कारण होतं.

टीव्हीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर तो म्हणाला, "एक राहील. सीटच्या मागे. पत्र्याची झडप आहे, चार स्क्रू. आत डावीकडचा. तिला दिसणार नाही. तू सांग. मी सांगितलं म्हणू नकोस."

मी उठून गॅरेजमध्ये गेले. हेझल जमिनीवर पडून मागच्या आसाखाली होती, फक्त पाय बाहेर. "सीटमागे एक झडप आहे म्हणे," मी म्हटलं. "आत डावीकडे एक नट आहे."

पाय हलायचे थांबले. ती सरकत बाहेर आली. गालावर ग्रीस, केसांत गंज. "कोण म्हणे?" तिने विचारलं.

मला खोटं बोलायला येतं. दुकानात रोज बोलायचे, मासे आजचेच आहेत म्हणून. त्या दिवशी आलं नाही. मी भिंतीकडे बघितलं, आणि तेवढं पुरलं.

हेझलने चार स्क्रू काढले, झडप बाजूला ठेवली आणि आत हात घातला. चकती फिरली हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने पाना लावला. कर्र. कर्र. कर्र. कर्र. टक्. भिंतीपलीकडे टीव्ही गप्पच होता.

"टेकडीने जाऊ नकोस म्हणाला होता," ती म्हणाली. बस, एवढंच. मग तिने हात धुतले, नेव्हिलला ठसका लागू नये म्हणून चहात तो दाट करायची पावडर मिसळली आणि त्याला चमच्याने भरवायला गेली. मी दारातून बघितलं. ती दर चमच्यानंतर त्याची हनुवटी पुसत होती, नेहमीसारखी. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही, मला ठाऊक आहे तोवर, मेपर्यंत बोलले नाहीत. मला माझ्या घरात बसून ती शांतता ऐकू यायची. मी एकदा हेझलला म्हटलं, ओरड तरी त्याच्यावर. ती म्हणाली, "गिळताना गुदमरेल."

मेचा पहिला रविवार उजाडला. आकाश राखाडी, पण कोरडं. गल्लीत सहा-सात गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या. मॉरिस उचलायला आला होता. मी नेव्हिलची खुर्ची ढकलत गॅरेजमध्ये नेली आणि गाडीच्या नाकासमोर उभी केली. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर बरोबर चाकांच्या उंचीवर येते.

हेझलने सगळ्या नटांवरचा जुना पिवळा रंग पुसून टाकला होता. लोखंड लखलखीत. फक्त उजवीकडचा खालचा, टेकडीवरचा तो नट, तिने तसाच ठेवला होता. आवळल्यावर तो फिरला तशी त्याची रेघ तुटलेली. अर्धी बोल्टावर, अर्धी नटावर, मध्ये बोटाच्या जाडीएवढं अंतर.

नेव्हिलने ते बघितलं. मॉरिसनेही बघितलं. मॉरिसने मान वळवली आणि बाहेरच्या गाड्यांकडे बघायला लागला, जसं काही त्याला तिथे कुणी बोलावलंय.

"मी नाही येत," नेव्हिल म्हणाला.

हेझल त्याच्यासमोर खाली बसली, निळ्या डगल्यात. आता तो डगला घडीचा राहिला नव्हता. "तुला कळावं म्हणून ठेवला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणासाठी नाही."

"हेझल…"

"ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. जमेल असं वाटत नाही, आणि तुझ्याकडे तेवढा वेळही नाही. ते राहू दे. गाडी माझी आहे आणि प्रत्येक नट मी आवळलाय. आता बस."

मी आणि मॉरिसने त्याला उचललं. इतका हलका झाला होता की मॉरिसच्या तोंडून शिवी गेली. पट्टे बांधले, मान सीटला रुमालाने बांधली, तोच हेझलचा डोक्याचा रुमाल. मी मॉरिसच्या गाडीतून मागे निघाले. सबंध रस्ता मी त्या पुढच्या उजव्या चाकाकडे बघत होते. ते सरळ चाललं.

सटनला समुद्राच्या कडेने काँक्रीटची भिंत आहे, पुराच्या भीतीने बांधलेली, छातीइतकी उंच. उभं राहिलं तर माणसाला पलीकडे पाणी दिसतं. पायऱ्या चढून गेलं तर सगळं दिसतं. पण गाड्या लावतात तिथून, वीतभर उंचीच्या सीटवरून, नुसती भिंत दिसते. दर वर्षी नेव्हिल उतरून वर जायचा, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला परत उचलून पायऱ्या चढवणं शक्य नव्हतं. मॉरिस म्हणाला, "आपण चौघं मिळून नेऊ." नेव्हिलने डोळ्यांनी नको म्हटलं.

मग बाकीचे वर गेले. हेझल त्याच्या शेजारी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. भिंतीवर कुणीतरी खडूने एक मासा काढला होता. पलीकडे भरती होती, लाटा ऐकू येत होत्या. मी कागदात गुंडाळलेले बटाटे घेऊन आले आणि ते कुणी खाल्ले नाहीत. तासभर दोघं त्या काँक्रीटकडे बघत होते. निघताना तो काहीतरी बोलला. ती वाकली, पण मला वाटतं तिलाही नीट ऐकू आलं नाही. तिने परत विचारलंही नाही.

जुलैत तो गेला. प्रेतयात्रेला मंडळाच्या सगळ्या गाड्या आल्या. मॉरिस छान बोलला, नेव्हिलच्या हाताबद्दल, कामाबद्दल. तुटलेल्या रेघेचं त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. तेवढी माणुसकी आहे आमच्याकडे.

गाडी हेझलने विकली नाही. अजूनही ती मला आवडत नाही, पण मी बसते. दर हिवाळ्यात हेझल ती सोडते आणि वसंतापर्यंत जोडते. रेघ मात्र कशावरही मारत नाही. दर वेळी निघण्याआधी सबंध गाडीला पाना लावते, मग कितीही उशीर होवो. कुंपणापलीकडून मला ऐकू येतं. टक्. टक्. टक्. सगळे लगेच.

तो एक नट तिने बदलला नाही. दोन अर्ध्या रेघा आहेत तिथेच आहेत. एकदा मी म्हटलं, पूस की गं ते आता. तिने चिंधी हातात घेतली, खाली वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. मग चिंधीने पाना पुसला आणि मला म्हणाली, "बस गाडीत. उशीर होतोय."